येतो, सर

छत्तीस मिनिटं, एकेचाळीस सेकंद.
स्टॉपवॉच हलवून पाहिलं, कानाशी धरलं.
गेल्या वर्षी ह्याच रस्त्यावर,
खानापुरातून जांबोटीच्या अंगाला पाचवा दगड आणि परत,
रेणुका मष्णू पाखरेला
एकेचाळीस मिनिटं लागली होती.

मधले दहा महिने धारवाडच्या होस्टेलात.
फॉर्म मीच भरला होता.
तिकडच्या कारकुनानं बापाचं नाव मंजू केलं,
मी दोनदा एसटीनं जाऊन ते मष्णू करून आणलं.

ती बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती
आणि मी बघत होतो
आधी कधी न बघितलेलं:
जबड्याची कड, कपाळावरच्या पुटकुळ्या,
दंडाच्या आतल्या बाजूला मुगाएवढा निळा डाग.
एकोणिसाव्या वर्षी पुटकुळ्या येतात.
रक्त तपासायला दिलं तरी डाग पडतो.
आणि जबडा तर तिच्या आईचा,
रताळ्याच्या वाफ्यात वाकलेली असते तेव्हा
लांबूनही ओळखू येतो.
प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं.
उत्तरं इतकी तयार होती
की त्यांचीच भीती वाटली.

टपरीवर कुणीतरी म्हणालं,
"धारवाडचं पाणी लागलं म्हणायचं पोरीला."
हसले सगळे. मीही हसलो,
चहाचे पैसे मीच दिले.
दुसरी आलेली देसूरकरांची पोर
चार मिनिटं मागं होती.
तिचा बाप कुणाशी बोलला नाही,
मान घालून तिच्या तळपायातला काटा काढत बसला.
काटा नव्हता.

बेळगावात निवड झाली.
बंगळूरहून आलेले साहेब म्हणाले, नमुना द्यावा लागेल.
"देतो की," रेणुका म्हणाली,
"आधी थोडं पाणी पितो."
साहेबांनी सोलापुरात नोकरी केलेली, मराठी कळायचं.
त्यांचं पेन थांबलं.
त्यांनी आवाज ऐकला, मग तिला पाहिलं,
मग पुन्हा आवाज ऐकल्यासारखं पाहिलं.
मी पुढं झालो. साहेब, आमच्या भागातल्या पोरी
देतो, पितो, जातो असंच म्हणतात.
माझी आई म्हणायची. बायको म्हणते.
हे इथलं व्याकरण आहे,
इंजेक्शन नव्हे. 
हे शेवटचं मनात.

बाटलीवर नंबर होता, नाव नव्हतं.
मंजूही नाही, मष्णूही नाही.
सहा आठवडे लागतील म्हणाले.

चौथ्या आठवड्यात मी जुनी वही काढली.
आठवीपासूनच्या तिच्या वेळा,
आणि दर ओळीखाली लाल शाईत माझा शेरा:
अजून दहा सेकंद आण.
अजून पंधरा.
पावसात पळालीस म्हणून सूट नाही. अजून आठ.
शेवटपर्यंत चाळली.
सेकंद आणायचे कुठून,
ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

काल रात्री तिचा फोन.
"काय कळलं काय, सर?"
नाही गं.
"तुम्हाला काय वाटूलंय?"
लोंढ्याकडे जाणारी मालगाडी
तिच्या बाजूला होती की माझ्या, कोण जाणे,
पण सगळे डबे जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
मग मी म्हणालो, झोप आता,
उद्या वीस मिनिटं हलकंच पळ.
ती विचारलेलं विसरली नव्हती.
"बरं," म्हणाली. "येतो, सर."

तीस वर्षं हा शब्द पोरींच्या तोंडून ऐकतोय,
मैदानाच्या फाटकाशी, सायकलवर टांग टाकताना,
लग्नाची पत्रिका देऊन निघताना.
काल पहिल्यांदा
तो मला पुल्लिंगी ऐकू आला.

फोन हातातच होता.
आतून बायकोनं हाक मारली,
"वाढतो, या."